क्रांतिकारक आत्मघात की रक्तसाक्ष?

अमेरिकेतील 'ब्लॅक पँथर पार्टी' या कृष्णवर्णीयांच्या लढाऊ संघटनेचे एक संस्थापक ह्यूई न्यूटन यांचे आत्मचरित्र १९७३ साली प्रसिद्ध झाले. समाजशास्त्राचे अभ्यासक जे. हर्मन ब्लेक यांच्या साहाय्याने लिहिलेल्या या ग्रंथाचे नाव आहे 'रिव्होल्युशनरी सुइसाइड', म्हणजेच 'क्रांतिकारक आत्मघात'. पाचवी आज्ञा लहानपणीच पाठ केलेला कॅथलिक वाचक हे शीर्षक पाहून थबकतो. जीवन ही देवाची देणगी आहे, ती फेकून देण्याचा अधिकार कोणालाच नाही, हे आपण ख्रिस्ती शिक्षणाच्या वर्गात शिकलो. पण त्याच वर्गात आपण रक्तसाक्षींच्या कथाही ऐकल्या. संत लॉरेन्स, संत अग्नेस, वसईचे संत गोन्सालो गार्सिया या सर्वांना मरण टाळता आले असते. त्यांनी ते टाळले नाही. मग स्वतःहून मरण पत्करणारा रक्तसाक्षी कोणता आणि आत्मघातकी कोणता? न्यूटन यांचा ग्रंथ हाच प्रश्न विचारतो. त्याचे उत्तर चुकले आहे असे माझे मत आहे. मात्र ते कोठे चुकले हे पाहण्यासाठी ग्रंथ नीट वाचावा लागतो, आणि वाचताना आपली मानही काही ठिकाणी खाली जाते.

'पँथर' हे नाव मराठी वाचकाला अपरिचित नाही. १९७२ साली मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले आदी तरुणांनी 'दलित पँथर'ची स्थापना केली, ती या अमेरिकन संघटनेचे नाव समोर ठेवूनच. त्याआधीचा धागा आणखी जुना आहे. महात्मा फुले यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ १८७३ साली अर्पण केला तो अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करण्यासाठी झटलेल्या सज्जनांना. बरोबर शंभर वर्षांनी न्यूटन यांचे पुस्तक आले. फुल्यांनी ज्या मुक्तीचा गौरव केला ती शंभर वर्षांत किती पोकळ ठरली होती, हे या दुसऱ्या पुस्तकातून कळते.

न्यूटन यांचा जन्म १७ फेब्रुवारी १९४२ चा, लुइझियाना राज्यातील मन्रो गावचा. वडील वॉल्टर न्यूटन हे कष्टकरी होते आणि बॅप्टिस्ट पंथाचे धर्मोपदेशकही होते. कुटुंब पोटासाठी कॅलिफोर्नियातील ओकलंड शहरात आले. शाळेने या मुलाला काय दिले? बारा वर्षे वर्गात बसून तो बाहेर पडला तेव्हा त्याला धड वाचता येत नव्हते. शाळेत त्याला एकच गोष्ट नीट शिकविली गेली, ती म्हणजे आपण मठ्ठ आहोत. पुढे जिद्दीने तो स्वतःच वाचायला शिकला आणि त्यासाठी हाती घेतला तो प्लेटोचा 'रिपब्लिक'! न समजणारा प्रत्येक शब्द शोधीत त्याने तो ग्रंथ पुनःपुन्हा वाचला. सेमिनरीत आम्हीही प्लेटो वाचला, पण शिक्षकांच्या बोटाला धरून आणि परीक्षेपुरता. गुहेत जखडलेल्या, भिंतीवरील सावल्यांनाच सत्य मानणाऱ्या कैद्यांचा दृष्टांत आम्हाला तत्त्वज्ञानातला एक धडा वाटला. ओकलंडच्या या तरुणाला त्या गुहेत आपली वस्ती दिसली.

वाङ्मय म्हणून ग्रंथातील सर्वांत सरस भाग तुरुंगातील एकांतकोठडीचा आहे. पक्ष स्थापन होण्यापूर्वी, १९६४ च्या सुमारास, मारामारीच्या एका खटल्यात शिक्षा झाल्यावर न्यूटन यांना ओकलंडच्या तुरुंगात अशा कोठडीत डांबण्यात आले की जिला कैदी 'आत्मा मोडणारी' म्हणत. अंगावर वस्त्र नाही, दिवा नाही, अंथरूण नाही, शौचाला जमिनीतले एक भोक. न्यूटन सांगतात की, तेथे पहिला शत्रू अंधार नव्हता; स्वतःचे विचार हाच तो शत्रू होता. सुखाची एखादी आठवण मनात आणावी तर तिच्यामागून दुसरी, तिसरी अशी रांग लागते, त्यांचा वेग वाढत जातो आणि सुखाचीच यातना होते. हळूहळू त्यांनी विचार थांबविण्याची, पुन्हा सुरू करण्याची, त्यांचा वेग कमी करण्याची साधना केली. अन्नही बेताचेच घेतले. ही पाने वाचताना मिसरच्या वाळवंटातील प्राचीन संन्याशांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. त्यांनीही विचारांच्या झुंडीशी हाच लढा दिला होता. फरक एवढाच की ते वाळवंटात स्वेच्छेने गेले होते आणि तेथे आपले कोणी ऐकत आहे यावर त्यांची श्रद्धा होती. न्यूटन यांच्या कोठडीत ऐकणारा कोणी नाही. तरीही ते मोडले नाहीत. मनुष्याच्या आत्म्याविषयी आपण प्रवचनांत जे सांगतो त्याचा पुरावा एका निरीश्वरवाद्याच्या पुस्तकात असा मिळावा, याची मला गंमत वाटते आणि थोडा संकोचही वाटतो.

१९६६ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूटन आणि त्यांचे सहाध्यायी बॉबी सील यांनी पक्षाची स्थापना केली व दहा कलमांचा कार्यक्रम लिहिला. त्यांच्या मागण्या काम, घर, शिक्षण, न्याय, पोलिसी अत्याचारांतून सुटका या होत्या. शेवटचे कलम तर अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातील शब्दांवरच उभे आहे. काळ्या चित्त्याचे चिन्ह त्यांनी घेतले ते अलाबामा राज्यातील लाउन्ड्स जिल्ह्याच्या एका कृष्णवर्णीय राजकीय संघटनेकडून. कायद्याने परवानगी असलेली बंदूक उघडपणे हातात घेऊन पोलिसांच्या गाडीमागे जायचे, कोणाला अटक होत असेल तर कायद्याने ठरविलेल्या अंतरावर उभे राहून ती पाहायची आणि पकडलेल्या माणसाला त्याचे हक्क मोठ्याने सांगायचे, असा त्यांचा सुरुवातीचा उपक्रम होता. ही परवानगी काढून घेणारे विधेयक येताच २ मे १९६७ रोजी सुमारे तीस पँथर सशस्त्र होऊन राज्याच्या विधानभवनात शिरले. ती राजधानी सॅक्रामेंटो, म्हणजे परमपवित्र साक्रामेंताच्या नावाची नगरी! ख्रिस्तशरीराच्या नावाने वसलेल्या शहरात काळ्या माणसाच्या शरीराला मोल नव्हते, ही बाब न्यूटन यांच्या नजरेतून सुटली असावी. त्यांच्या हाती असा विरोधाभास एरवी वाया जात नाही.

पक्षाच्या विचारांची मुळे कोठून आली? न्यूटन ती लपवीत नाहीत. मॅल्कम एक्स यांच्याकडून स्वाभिमान व आत्मसंरक्षणाचा हक्क आला. १९६२ साली 'नीग्रोज विथ गन्स' हे पुस्तक लिहिणारे रॉबर्ट विल्यम्स यांच्याकडून शस्त्राचे समर्थन आले. माओंच्या लाल पुस्तकाचे ऋण तर शब्दशः होते. ती पुस्तके बर्कलीच्या विद्यार्थ्यांना विकून आलेल्या पैशांतून पहिल्या बंदुका विकत घेतल्या, हे सील यांनी मोकळेपणी सांगितले आहे. परंतु सर्वांत खोल मूळ होते ते फ्रान्झ फॅनन यांचे. मार्टिनिक बेटावर जन्मलेल्या आणि अल्जीरियात मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम केलेल्या या डॉक्टरांचा 'द रेचेड ऑफ द अर्थ' हा ग्रंथ १९६१ साली निघाला. मार्क्सने ज्या चोर, भणंग, बेकार वर्गाकडे तुच्छतेने पाहिले, त्याच वर्गात फॅनन यांना क्रांतीची ठिणगी दिसली. ओकलंडच्या नाक्यांवर उभ्या असलेल्या तरुणांना न्यूटन यांनी जवळ केले ते याच शिकवणीमुळे. दलित माणसाने उलटून केलेला आघात त्याच्या मनातील न्यूनगंड धुऊन काढतो, हे मतही फॅनन यांचेच.

या ठिकाणी माझा पहिला आक्षेप आहे. फॅनन यांच्या ग्रंथाचे पहिले प्रकरण हिंसेवर आहे आणि पँथरांनी ते कवटाळले. पण त्याच ग्रंथाच्या अखेरीस त्यांनी आपल्या रुग्णांची टिपणे दिली आहेत. छळ सोसलेली माणसे त्यांत आहेत, छळ करणारे पोलीस आहेत, आणि स्वातंत्र्यासाठी हत्या केल्यावर झोप उडालेले लढवय्येही आहेत. हिंसा मन धुते असे पहिल्या प्रकरणात सांगणारा तत्त्वज्ञ शेवटच्या भागात डॉक्टर होऊन सांगतो की ती मन कुरतडते. न्यूटन यांच्या पुस्तकात त्या शेवटच्या भागाचा प्रभाव कोठेच जाणवत नाही. ज्याने 'रिपब्लिक' शब्दाशब्दाने वाचला त्या वाचकाने फॅनन मात्र अर्धाच पचविला.

हा आक्षेप घेताना आपल्याच घरातले एक वचन विसरता येत नाही. सॅक्रामेंटोच्या घटनेपूर्वी सुमारे महिनाभरच, मार्च १९६७ मध्ये, पोप पॉल सहावे यांचे 'पॉप्युलोरुम प्रोग्रेसिओ' हे परिपत्रक निघाले होते. क्रांतिकारक उठावातून नवे अन्याय जन्मतात असा इशारा त्यात आहे. पण उघड व दीर्घकालीन जुलूम, मूलभूत मानवी हक्कांची पायमल्ली या स्थितीचा अपवादही त्याच वाक्यात केला आहे. ओकलंडची स्थिती त्या अपवादात बसत होती काय? मतदानाचा हक्क व न्यायालये असलेल्या देशात बसत नव्हती, असे मी म्हणेन. तथापि ज्याच्या दारावर पोलिसांची लाथ पडत होती त्यानेही तसेच म्हणावे, असा आग्रह मला धरता येणार नाही.

आता ग्रंथाच्या मध्यवर्ती कल्पनेकडे वळू. न्यूटन आत्मघाताचे दोन प्रकार मानतात. परिस्थितीच्या ओझ्याखाली चिरडून निराश झालेला मनुष्य स्वतःला संपवितो, तो 'रिअॅक्शनरी' आत्मघात. या शब्दाचे मराठीत 'प्रतिगामी' असे भाषांतर करण्याचा मोह होईल, पण न्यूटन यांना अभिप्रेत आहे ती परिस्थितीची प्रतिक्रिया. म्हणून 'प्रतिक्रियात्मक आत्मघात' म्हणणे बरे. याला जोडूनच ते आणखी एका मरणाविषयी लिहितात. शरीर चालते-बोलते, पण आत्मा मेलेला असतो. कोट्यवधी कृष्णवर्णीयांनी हे मरण अनुभवले असे ते म्हणतात आणि त्यासाठी दस्तएव्हस्कीच्या 'गुन्हा आणि शिक्षा' या कादंबरीतील दारुड्या मार्मेलादोवचा दाखला देतात, ज्याला गरिबी आणि भिकारीपण यांतला भेद कळलेला असतो. याच्या उलट, जगण्याची इच्छा इतकी तीव्र की प्रतिष्ठेशिवाय जगणे अशक्य व्हावे, आणि म्हणून मरणाची शक्यता जाणूनबुजून पत्करून व्यवस्थेशी भिडावे, तो 'क्रांतिकारक आत्मघात'. यात मरणाची ओढ नाही, आशा आहे, असे न्यूटन निक्षून सांगतात.

आत्म्याच्या मरणाविषयीची ही पाने कोणाही मेंढपाळाने वाचावीत. पापामुळे येणारे आत्मिक मरण आपण शिकवितो; पण दुसऱ्याने केलेल्या अपमानामुळे माणसाचा आत्मा कसा थिजतो याविषयी आपली प्रवचने बहुधा मुकी असतात.

तरीही हा शब्द चुकीचा आहे. आत्मघात म्हटले की मारणारा आणि मरणारा एकच असतो. ४ डिसेंबर १९६९ च्या पहाटे शिकागोत पोलिसांनी घरात घुसून पक्षाचे २१ वर्षांचे नेते फ्रेड हॅम्प्टन यांना गोळ्या घातल्या तेव्हा ते बिछान्यात होते. घराचा नकाशा पक्षातल्याच एका खबऱ्याने सरकारी गुप्तचरांना पुरविला होता. त्यांच्यासोबत मार्क क्लार्क हेही मारले गेले. याला आत्मघात म्हणायचे? क्रांतिकारक हे विशेषण कितीही उंचावर लावले तरी खाली 'आत्मघात' हा शब्द उरतोच, आणि तो मारेकऱ्याला पडद्याआड नेतो. स्टेफनने स्वतःला दगड मारले नव्हते. दगड मारणारे तेथे होते आणि त्यांची वस्त्रे सांभाळणारा शौलही होता. लूकने त्याचे नाव टाळले नाही. रक्तसाक्ष या शब्दात 'साक्ष' आहे. साक्षीमुळे आरोपी उभा राहतो. आत्मघाताच्या प्रकरणात आरोपीच नसतो. अन्यायाविरुद्ध आयुष्य वेचणाऱ्या लेखकाने अन्याय करणाऱ्याला दोषमुक्त करणारा शब्द निवडावा, हा या ग्रंथाचा सर्वांत मोठा दोष होय.

हा शब्द असा का निवडला गेला? उत्तर पुन्हा वैचारिक मुळांत आहे. क्रांतिकारक हा पहिल्या दिवसापासून मृत्यूच्या हवाली झालेला माणूस आहे, ही शिकवण एकोणिसाव्या शतकातील रशियन अराज्यवाद्यांच्या 'क्रांतिकारकाची प्रश्नोत्तरी' या पत्रकातून आली. बाकुनिन व नेचायेव यांच्या नावांशी जोडलेले हे पत्रक पँथरांच्या वाचनात होते आणि न्यूटन त्याचा हवाला देतात. प्रश्नोत्तरी, म्हणजे कॅटेकिझम! आपल्याच पुस्तकाचे नाव घेतलेली ही रचना; पण तिच्यात प्रेमाला, मैत्रीला, कृतज्ञतेला जागा नाही. माणूस आधीच मेलेला असेल तर अर्पण करायला त्याच्याजवळ उरतेच काय? १९४१ साली आउश्वित्झच्या छळछावणीत संत मॅक्सिमिलियन कोल्बे पुढे सरसावले ते मरणाच्या हवाली झालेला माणूस म्हणून नव्हे. समोर बायकामुलांसाठी आक्रोश करणारा एक विशिष्ट कैदी उभा होता, आणि त्याच्या जागी त्यांना उभे राहायचे होते. १९८२ साली रोममध्ये कोल्बे यांना संतपद मिळाले तेव्हा तो कैदी म्हातारा होऊन तेथे हजर होता. न्यूटन 'लोकांसाठी' मरण्याची भाषा करतात, आणि ती मनापासून करतात यात मला शंका नाही. परंतु त्या पानांवर 'लोक' या शब्दाला चेहरा क्वचितच मिळतो.

चर्चला हा वाद नवा नाही. चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेत 'सर्कुमसेलियन' नावाचे जथे निघाले. डोनातुस पंथाच्या बाजूचे हे बहुतांशी खेड्यापाड्यांतले गरीब लोक. ते सावकारांना धमकावीत, कर्जदारांना सोडवीत; धनिकाला रथातून उतरवून त्याला गुलामापुढे धावायला लावीत. आणि रक्तसाक्षी होण्याच्या हव्यासाने त्यांतले अनेक जण कड्यावरून उड्या घेत, पाण्यात वा आगीत शिरत. हिप्पोचे बिशप संत अगस्तीन, जे स्वतः आफ्रिकन होते, त्यांनी यांना परखडपणे सांगितले की रक्तसाक्षी ठरतो तो सोसलेल्या शिक्षेमुळे नव्हे, कारणामुळे. 'देवाच्या नगरी'च्या पहिल्याच भागात त्यांनी आत्मघाताची चिकित्सा केली आहे. अब्रू वाचविण्यासाठी नदीत उडी घेतलेल्या ज्या स्त्रियांना चर्च रक्तसाक्षी मानीत होते, त्यांच्यापाशी आल्यावर मात्र त्यांची लेखणी अडखळते. त्यांना देवाची तशी प्रेरणा झाली असेल, असे म्हणून ते निवाडा करण्याचे टाळतात. मला हे अडखळणे फार मोलाचे वाटते. मात्र याच अगस्तीन यांनी पुढे डोनातुसवाद्यांविरुद्ध सम्राटाच्या सक्तीचे समर्थन केले. त्या जथ्यांतील गरिबांची कर्जे आणि त्यांचा छळ यांविषयी त्यांनी तितक्या तळमळीने लिहिले असते तर आज त्यांचा दाखला देताना मला अधिक बळ आले असते.

शब्द लेखकाच्या हाती राहत नाहीत. 'क्रांतिकारक आत्मघात' हा शब्दप्रयोग जिम जोन्स नावाच्या एका अमेरिकन पंथप्रमुखाने उचलला. १८ नोव्हेंबर १९७८ रोजी दक्षिण अमेरिकेतील गयाना देशात, जोन्सटाउन येथे, त्याच्या आदेशावरून नऊशेहून अधिक माणसे विषाने मेली. त्यांत लहान मुले शेकड्यांनी होती आणि मृतांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते. मरणापूर्वी जोन्सने त्यांना जे सांगितले त्यात हेच दोन शब्द होते. न्यूटन यांचा अर्थ हा नव्हता, नेमका याच्या उलट होता. त्यांना या हत्याकांडाबद्दल जबाबदार धरणे अन्यायाचे होईल. पण आईच्या हातून बाळाच्या तोंडात विष घालविणाऱ्याला त्यांचा शब्द सोयीचा वाटला, ही गोष्ट समीक्षकाला नजरेआड करता येत नाही. त्याला 'रक्तसाक्ष' हा शब्द एवढ्या सहजपणे वापरता आला नसता.

आत्मचरित्र म्हणूनही ग्रंथाला एक मर्यादा आहे. न्यूटन यांनी तो एकतिसाव्या वर्षी प्रसिद्ध केला. अगस्तीन यांनी 'कबुलीजबाब' लिहायला घेतला तेव्हा त्यांची चाळिशी उलटली होती, आणि त्यात ते स्वतःला कोठेही सूट देत नाहीत. न्यूटन यांच्या पुस्तकात तारुण्यातील चोऱ्यामाऱ्यांची कबुली आहे. परंतु पक्षाच्या पापांची कबुली नाही. १९६९ च्या मे महिन्यात कनेक्टिकट राज्यात पँथरांनी आपल्याच एका तरुण सहकाऱ्याला, ॲलेक्स रॅकली याला, खबऱ्या समजून छळले व ठार मारले. पुस्तकानंतरचा काळ तर अधिक काळोखाचा आहे. १९७४ साली एका तरुणीच्या खुनाचा आरोप आल्यावर न्यूटन क्यूबाला पळाले. परतल्यावर दोन खटले झाले, पण पंचांचे एकमत न झाल्याने त्यांत निकाल लागला नाही. १९८० साली त्यांनी विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली; त्यांच्या प्रबंधाचा विषय होता पँथरांविरुद्धची सरकारी दडपशाही. आणि २२ ऑगस्ट १९८९ रोजी ओकलंडच्या रस्त्यावर अमली पदार्थांच्या व्यवहारातील एका तरुणाने त्यांना गोळ्या घातल्या. त्या काळात ते स्वतः व्यसनाच्या विळख्यात होते. एकांतकोठडीत ज्याचा आत्मा मोडला नाही, तो बाहेरच्या मोकळ्या हवेत मोडला. त्यांनी स्वतःच वर्णिलेले पहिल्या प्रकारचे मरण त्यांच्या वाट्याला यावे, हे वाचून मी पुस्तक काही दिवस बाजूला ठेवले होते.

वर 'निरीश्वरवादी' असा शब्द मी वापरला. तो थोडा दुरुस्त केला पाहिजे. १९७१ च्या मे महिन्यात न्यूटन यांनी चर्चविषयी एक व्याख्यान दिले. पुढील वर्षी निघालेल्या 'टु डाय फॉर द पीपल' या त्यांच्या लेखसंग्रहात ते आहे. (या संग्रहाचे संपादन टोनी मॉरिसन यांनी केले होते. पुढे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या या लेखिकेने वयाच्या बाराव्या वर्षी कॅथलिक श्रद्धा स्वीकारली होती.) व्याख्यानात न्यूटन चूक कबूल करतात. चर्च म्हणजे नुसते विधी, असे म्हणून आम्ही त्यापासून दूर गेलो. पण आमचा समाज तर चर्चमध्येच होता, म्हणजे आम्ही समाजालाच सोडून गेलो, असा त्यांचा आशय आहे. डाव्या चळवळीतील नेत्याने इतक्या सरळपणे दिलेली अशी कबुली माझ्या वाचनात दुसरी नाही. त्याच व्याख्यानात ते देवाची व्याख्या मात्र 'अज्ञात' अशी करतात. विज्ञान वाढेल तसा देव आटत जाईल आणि शेवटी मनुष्यच देव होईल, असे ते म्हणतात. सेमिनरीतला पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल की न समजलेल्या गोष्टींचे गाठोडे म्हणजे देव नव्हे. संत थॉमस यांचा देव विज्ञानाच्या फटीत राहत नाही, तो असण्याचेच कारण आहे. पण धर्मोपदेशकाच्या मुलाला ही गोष्ट कोणी सांगितली नसेल तर दोष कोणाचा?

आणि आता त्या गोष्टीकडे येतो, जिच्यामुळे हे पुस्तक मला आपल्या वाचकांसमोर ठेवावेसे वाटले. १९६९ च्या जानेवारीत ओकलंडमधील एपिस्कोपल पंथाच्या संत अगस्तीन चर्चमध्ये पँथरांनी शाळकरी मुलांसाठी मोफत न्याहारी सुरू केली. तेथील धर्मगुरू फादर अर्ल नील यांनी आपले सभागृह उघडून दिले. पहिल्या दिवशी ११ मुले आली, आठवड्याअखेर १३५. काळ्या जाकिटातले, ज्यांच्या बंदुकांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत गाजली होती ते तरुण पहाटे उठून अंडी तळीत, पाव भाजीत आणि मुलांना हात धुवायला लावीत. वर्षभरात असे उपक्रम अनेक शहरांत निघाले. सॅन फ्रान्सिस्कोतील सेक्रेड हार्ट या कॅथलिक धर्मग्रामाचे प्रमुख फादर युजीन बॉईल यांनीही आपले सभागृह दिले आणि त्याबद्दल पुष्कळ टीका सोसली.

गुप्तचर खात्याचे प्रमुख हूव्हर यांना ही न्याहारी फार खुपली. पुढे सिनेटर फ्रँक चर्च यांच्या समितीने १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात एक प्रकरण नोंदले आहे. सॅन डिएगोच्या कॅथलिक धर्मप्रांतातील एक धर्मगुरू पँथरांना न्याहारीसाठी चर्चची जागा देत होते. खात्याच्या तेथील कचेरीने साहाय्यक बिशपांकडे दूरध्वनीवरून तक्रारी पोहोचविल्या. महिन्याभरानंतर कचेरीने वरिष्ठांना समाधानाने कळविले की त्या धर्मगुरूंची बदली दुसऱ्या राज्यात झाली आहे.

बदलीचे पत्र म्हणजे काय असते हे मला ठाऊक आहे. आज्ञापालनाची शपथ घेतलेला माणूस ते वाचतो, घडी घालतो आणि पुस्तके बांधायला घेतो. त्या धर्मगुरूंच्या मनात त्या दिवशी काय आले असेल, याचा मी अनेकदा विचार केला आहे. आपण आपल्या बिशपांची आज्ञा पाळीत आहोत असेच त्यांना वाटले असणार. त्या आज्ञेमागे कोणाचा आवाज होता हे त्यांना कोठून कळावे? आणि बिशप तरी दुष्ट होते असे कशावरून? तक्रारी आल्या आणि धर्मप्रांताची शांती राखायची म्हणून त्यांनी बदली केली असेल. असे निर्णय आपल्याकडेही होतात. सभागृह कोणाला द्यावे आणि कोणाला देऊ नये यावर पॅरिश कौन्सिलमध्ये झालेल्या चर्चा मी ऐकल्या आहेत. लग्नाच्या जेवणावळींना ते लगेच मिळते. वस्तीतल्या मुलांचा अभ्यासवर्ग, कामगारांची सभा, दुसऱ्या जातीच्या संघटनेचा मेळावा म्हटला की किल्ली सापडत नाही. त्या किल्लीचा जिम्मा माझ्याकडे होता तेव्हा मीही एकदोनदा 'पुढे बघू' म्हणालो आहे.

न्यूटन यांच्या ग्रंथात न्याहारीला फारशी जागा मिळालेली नाही, आणि त्याला एक साधे कारण आहे. १९६७ च्या ऑक्टोबरमध्ये एका पोलीस अधिकाऱ्याचा मृत्यू झालेल्या चकमकीनंतर न्यूटन अटकेत होते. पुढे झालेली शिक्षा वरिष्ठ न्यायालयाने रद्द केल्यावर १९७० च्या ऑगस्टमध्ये ते सुटले. संत अगस्तीन चर्चच्या सभागृहात ती ११ मुले पहिल्यांदा टेबलाशी बसली तेव्हा पक्षाचा संस्थापक तुरुंगात होता, आणि स्वयंपाकघरात त्या चर्चमधील बाया पँथरांच्या बरोबरीने राबत होत्या.